खुर्ची उभी कोणी केली?

१

एक वाजून दहा मिनिटांनी बाई सातवीच्या वर्गाच्या दारात आल्या आणि तिथेच थबकल्या. त्यांची खुर्ची उभी होती.

खुर्ची उभी असण्यात दचकण्यासारखं काय, असं कोणीही विचारील. पण चाळीस मिनिटांपूर्वी, जेवणाच्या सुट्टीची घंटा व्हायच्या जरा आधी, बाईंनी ती स्वतःच्या हातांनी आडवी पाडली होती आणि तशीच ठेवून त्या डबा खायला गेल्या होत्या. आणि या वर्गात बाईंनी पाडलेली वस्तू कोणी उचलत नसे. गेल्या वीस वर्षांत कोणी उचलली नव्हती.

बाईंनी खोलीभर नजर फिरवली. महिन्याभरापूर्वी त्यांच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं आणि तेव्हापासून त्यांना फळ्यावरच्या खडूचे कणसुद्धा दिसायला लागले होते. भिंतीवरचा नकाशा अर्धा गुंडाळलेला होता, जसा त्यांनी सोडला होता तसा. पृथ्वीगोल जमिनीवर. छत्री कोपऱ्यात उघडून ठेवलेली. फळा अर्धाच पुसलेला. टेबलावरचं घड्याळ भिंतीकडे तोंड करून, रुसल्यासारखं. पाच गोष्टी जागच्या जागी, म्हणजे भलत्या जागी होत्या. पण डावीकडची खिडकी, जी त्यांनी सताड उघडली होती, ती बंद होती. आणि खुर्ची उभी होती, टेबलाच्या बाजूला सरकवलेली.

मग त्यांना टेबलाचा खण दिसला. तो बोटभर उघडा होता.

सकाळी पहिल्या दोन तासांत मुलांनी लिहिलेले इंग्रजीचे चाळीस पेपर, पांढऱ्या दोऱ्याने बांधून, बाईंनी त्या खणात ठेवले होते. बाईंनी खण पूर्ण ओढला. आत खडूचा डबा होता, एक डस्टर होतं आणि तुटका दोरा होता.

पेपर नव्हते.

२

ते पेपर म्हणजे नुसती घटक चाचणी नव्हती. दूरच्या एका मोठ्या निवासी शाळेने या शाळेतल्या एका मुलासाठी एक जागा देऊ केली होती. राहणं, जेवण, पुस्तकं, सगळं त्यांचं. बाकी विषयांचे गुण आधीच मिळवून झाले होते आणि पहिल्या दोघांत एका गुणाचाही फरक नव्हता. एक होता ‘रेडिओ’. झोपेतसुद्धा बडबडतो म्हणून मुलांनी त्याला हे नाव ठेवलं होतं. दुसरी होती ‘ठिपकी’. तिच्या हनुवटीवर तीळ होता. ती मावशीजवळ राहायची. मावशी लोकांचे कपडे शिवायची आणि त्यांच्या एका खोलीत मशीन ठेवल्यावर ठिपकीने पाय पसरून अभ्यास करावा एवढी जागा उरत नसे. निवाडा इंग्रजीच्या पेपरावर होता आणि नाव आजच, पाचच्या टपालाने, कळवायचं होतं.

मोठे सर, म्हणजे मुख्याध्यापक, धावतच आले. दोन वर्षांपूर्वी या शाळेत बदलून आलेले, मनाने चांगले. पण घाई इतकी की चहासुद्धा गार व्हायच्या आत गिळायचे आणि मग तोंड भाजलं म्हणायचे.

“बाई, यात शोधायचं काय आहे?” ते म्हणाले. “सुट्टी लागल्यावर पाच मिनिटांनी मी मैदानातून पाहिलं. ठिपकी एकटी वर्गातून बाहेर पडत होती. आणि सकाळी पेपर झाल्यावर ती मैत्रिणीला म्हणत होती, शेवटचे चार प्रश्न गेले, आता संपलं सगळं. हे मी माझ्या कानांनी ऐकलंय. पेपर खराब गेला, पोरीने पेपरच नाहीसे केले. दोन अधिक दोन चार.”

“ती हो म्हणाली?”

“रडते नुसती. मी तिला ऑफिसात बसवलंय. हे बघा बाई, मला आनंद नाही होत. पण पाचपर्यंत पेपर मिळाले नाहीत, तर मी रेडिओचं नाव कळवणार. आणि ठिपकीच्या दाखल्यावर वागणुकीचा शेरा लिहावा लागेल. तो पुसता येत नाही, तुम्हाला ठाऊक आहे.”

बाईंना ठाऊक होतं. असा शेरा घेऊन मूल दहा शाळांच्या दारांत उभं राहतं आणि दहा ठिकाणी तो आधी वाचला जातो.

“पाचपर्यंत वेळ आहे ना?” बाई म्हणाल्या. “मग शेरा पाचला लिहा. आत्ता पेनाला टोपण घाला.”

३

मुलांना खेळाच्या तासाला मैदानात पाठवून बाईंनी आधी वर्ग नीट पाहिला. टेबलाखाली, बाकांखाली, मग गुडघ्यांना हात देत त्या कपाटापाशी वाकल्या. कपाटाच्या खालून एका कागदाचं टोक बाहेर आलं होतं.

तो एक पेपर होता. रेडिओचा.

बाईंनी तो उलटसुलट केला. वीस प्रश्नांची उत्तरं रेडिओच्या धावत्या अक्षरात ठासून भरलेली. शेवटचे चार प्रश्न कोरे. नुकत्याच घडून गेलेल्या गोष्टी इंग्रजीत कशा सांगायच्या, कधी ‘हॅज’ लावायचं आणि कधी नुसता भूतकाळ, त्यावरचे ते चार प्रश्न. बाईंना जरा नवल वाटलं. रेडिओ चुकीचं लिहील, दोनदा लिहील, समासात लिहील. पण कोरं सोडायचा नाही. त्यांनी कागद घडी करून पर्समध्ये ठेवला आणि त्या ऑफिसात गेल्या.

ठिपकी खुर्चीच्या अगदी कडेवर बसली होती. बाईंना पाहून तिचं रडू पुन्हा उसळलं.

“आधी पाणी पी,” बाई म्हणाल्या. “मग नाक पूस. मग सांग. या क्रमाने.”

ठिपकीने क्रम पाळला. “बाई, मी वही पुरी करायला थांबले होते. सातच्या सात वाक्यं व्हायची होती ना. माझी तीनच झाली होती. सगळ्यांचीच तेवढी झाली होती.”

“दाखव वही.”

वहीत सात ओळी होत्या. ‘विंडो इज ओपन. चेअर इज ऑन द फ्लोअर.’ अशाच खाली सगळ्या. एरवी दहा मिनिटांत सात वाक्यं लिहून पुढच्याची वही डोकावून पाहणारी ही मुलगी. आज तिने सुट्टीतली मिनिटं खर्चून ‘इज’, ‘इज’ एवढंच लिहिलं होतं. पेपरामुळे दमली असतील पोरं, असं बाईंना सकाळपासून वाटत होतं.

“तू निघालीस तेव्हा खिडकी उघडी होती?”

“हो, म्हणून तर लिहिलं. आणि खुर्ची पडलेलीच होती. बाई, मी हात नाही लावला कशाला! आमची सगळी वाक्यं फुकट गेली असती ना.”

“मग कुठे गेलीस?”

“खाली नळावर. काकांनी पेला दिला. पाणी प्यायले. तेवढ्यात वर धप्प झालं.”

“काय धप्प झालं?”

“आपली खिडकी, बाई. दुसरं काय?”

बाई तिच्याकडे पाहतच राहिल्या. मग त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि त्या नळाकडे निघाल्या.

४

शिपाईकाका पिंपाचं झाकण घासत होते.

“झालं होतं ना धप्प,” ते म्हणाले. “ठिपकी इथेच उभी होती, पेला तिच्या हातात होता. मी म्हटलं, वर गणिताचे सर गेले वाटतं. त्यांना वारा सोसत नाही.”

“काका, हे मोठ्या सरांना का नाही सांगितलंत?”

“मला कुणी विचारलं?” काकांनी झाकण उलटं केलं. “घंटा कधी द्यायची एवढंच मला विचारतात.”

आता त्या खिडकीबद्दल सांगायला हवं. ती लाकडाची जुनी खिडकी पावसाळ्यात फुगली ती फुगलीच. नुसती ओढली तर अर्ध्यावर अडते. बंद करायची तर झडप जरा वर उचलायची आणि तळहाताने मधोमध एक सणसणीत धपका द्यायचा. ही विद्या त्या वर्गात रोज वावरणाऱ्यांनाच येते. मोठे सर एकदा पाहुण्यांसमोर ती बंद करायला गेले आणि बोट चेमटवून घेतलं. तेव्हापासून ते काकांना हाक मारतात.

“आणि सुट्टीत मोठे सर कुठे होते?”

“मैदानातल्या टाकीपाशी, नळवाल्याबरोबर. घंटा होईस्तोवर. मी दोनदा पाना नेऊन दिला.”

“काका, एक विचारू? तुम्ही सुट्टीत आमचा वर्ग झाडायला गेला नव्हतात ना?”

“आजच्या दिवशी?” काका हसले. “बाई, तुम्ही खेळ मांडलेला असताना? पहिल्या वर्षी विसरलात काय? मी बापडा केर काढायला शिरलो, खुर्ची उचलली, नकाशा खाली सोडला, सगळं कसं झकास लावलं. पोरं माझ्यावर अशी तुटून पडली की मला वाटलं, मी कुणाचं दप्तर फेकलं! तेव्हापासून खेळाच्या दिवशी केरसुणी तुमच्या उंबऱ्याबाहेर.”

हा खेळ बाईंचा. पाचवीपासून मुलं तो खेळत आली होती. बाई खोलीत सात उलथापालथी करायच्या आणि मुलांनी काय काय झालंय ते वहीत लिहायचं. पाचवीत साध्या वाक्यांसाठी, सहावीत ‘वर, खाली, शेजारी’साठी आणि सातवीत या नुकत्याच घडलेल्या गोष्टींसाठी. नियम एकच. सुट्टीनंतर वह्या तपासून होईपर्यंत कशालाही हात लावायचा नाही. मग एकेका मुलाने उठून एकेक वस्तू जागेवर ठेवायची.

बाई सावकाश जिना चढू लागल्या. ठिपकी सुटली होती, निदान त्यांच्या मनात. वाऱ्याने पेपर उडाले, एक कपाटाखाली गेला, म्हणून कोणीतरी खिडकी लावली. म्हणजे धप्प झालं तेव्हा पेपर दोरा तोडून टेबलावर पसरलेले होते. आणि त्या क्षणी ठिपकी खाली पाणी पीत होती.

पण मग वर कोण होतं?

५

गणिताचे सर स्टाफरूममध्ये वह्यांचा गठ्ठा कोपऱ्याला कोपरा जुळवून ठेवत होते. नीटनेटकेपणा हा त्यांचा धर्म. खडूसुद्धा उंचीनुसार लावायचे.

“माझ्यावर संशय?” त्यांनी चष्मा वर केला. “बाई, मी वस्तू जागेवर ठेवतो हे खरं. पण तुमची खुर्ची? दोन वर्षांपूर्वी तुमच्यानंतर माझा तास होता. मी तिला अडखळलो, अंगठ्याचं नख गेलं. उचलायला वाकलो तर तुमची कार्टी म्हणाली, सर, हात लावू नका. माझ्या पायातून रक्त येतंय आणि यांना खुर्चीची काळजी! तेव्हापासून ती दिसली की मी तिला नमस्कार करतो आणि वळसा घालून जातो.”

“म्हणजे तुम्ही ती उभी केली नसती.”

“मेलो असतो तरी नाही. उलट कोणी उभी करताना दिसला असता, तर त्याला आडवं केलं असतं.”

कोपऱ्यातल्या टेबलावर नव्या मॅडम पहिलीच्या मुलांसाठी चित्रं कापत होत्या. पंचविशीची मुलगी. पहिली-दुसरीला शिकवायच्या. बाई ऑपरेशनसाठी रजेवर होत्या, तेव्हा तीन आठवडे सातवीचं इंग्रजीही त्यांनीच सांभाळलं होतं. जूनपासून हंगामी होत्या. त्यांना कायम करायचं पत्र याच महिन्यात निघायचं होतं. बाईंकडे पाहून त्या हसल्या. पण कात्री थांबली नाही, आणि हत्तीची सोंड मधूनच कापली गेली.

बाई आपल्या जागेवर बसल्या. समोर टाचणवही होती, रोज काय शिकवलं ते शिक्षकांनी लिहायची वही. त्यांनी कोऱ्या कागदावर दोन रेघा मारल्या, फळ्यावर मुलांना समजावतात तशा. एका बाजूला लिहिलं: खिडकी लावता येते. दुसऱ्या बाजूला: खेळाचा नियम माहीत नाही. चोर दोन्हीकडे बसायला हवा. खिडकी ज्याला जमते, पण खुर्ची उचलायची नसते हे ज्याला ठाऊक नाही.

सातवीची मुलं? खिडकी जमते, पण नियमही पाठ. काका? तेच. गणिताचे सर? नखासकट पाठ. मोठ्या सरांना नियमाचा पत्ता नाही. पण खिडकी त्यांच्या बापजन्मी लागत नाही, शिवाय ते टाकीपाशी होते. नव्या मॅडम? तीन आठवडे त्या वर्गात होत्या, खिडकी येत असणारच. पण खेळही...

बाईंनी टाचणवही उघडली. मॅडमच्या गोल अक्षरात लिहिलं होतं: ‘धडा सातवा, नुकत्याच घडलेल्या क्रिया. बाईंनी दिलेल्या टिपणाप्रमाणे खेळ दोनदा घेतला. सराव पूर्ण.’ खाली सोमवारी बाईंनी स्वतः केलेली सही.

म्हणजे मॅडमनी दोनदा खेळ घेतला होता. दोनदा चाळीस मुलांनी त्यांना नियम सांगितला असणार.

बाईंनी कागदाकडे पुन्हा पाहिलं. दोन्ही रकान्यांत बसेल असा माणूस या शाळेत एकही नव्हता. घड्याळात तीन वाजून पाच मिनिटं झाली होती.

६

बाईंची एक सवय होती. काही अडलं की त्या मुलांना शिकवायला लागायच्या, मुलं समोर नसली तरी. त्या मनातल्या मनात सातवीच्या फळ्यापुढे उभ्या राहिल्या.

‘बघा हं. बाईंनी खिडकी उघडली. ती अजून उघडीच आहे, वारा अंगाला लागतोय. मग म्हणा, बाई हॅज ओपन्ड द विंडो. कधी उघडली ते सांगायचं नाही, कारण ते महत्त्वाचं नाही. खूण समोर आहे ते महत्त्वाचं. पण पाच मिनिटांपूर्वी उघडली असं सांगायचं असेल, तर वेळ आली. वेळ आली की हॅज गेला. ओपन्ड फाइव्ह मिनिट्स अगो. काम ताजं असलं तरी नुसता भूतकाळ.’

आणि मग त्या दरवर्षी एक वाक्य जोडायच्या: ‘कोणी म्हणालं, मी काम केलंय, तर आधी इकडेतिकडे बघायचं. केलंय ना, मग त्याची खूण कुठाय?’

बाईंचा हात टाचणवहीवर थांबला.

सराव पूर्ण. मग खूण कुठाय?

त्यांनी पर्समधून रेडिओचा पेपर काढला. शेवटचे चार प्रश्न कोरे. ठिपकीची वही आठवली, सगळीकडे ‘इज’. सुट्टीपर्यंत सातही वाक्यं कोणाचीच झाली नव्हती. आणि सकाळी पेपर गोळा करताना मागच्या बाकावरून कोणीतरी ओरडलं होतं, “बाई, हे शिकवलंच नव्हतं!” बाई हसल्या होत्या. पस्तीस वर्षांत असा एकही पेपर झाला नव्हता, ज्यानंतर मुलं असं म्हणाली नव्हती. लांडगा आला रे आला.

या वेळी लांडगा खरंच आला होता.

बाईंनी चष्मा पुसला, उठल्या आणि कोपऱ्यातल्या टेबलापाशी गेल्या.

७

“मॅडम, जरा माझ्याबरोबर वर्गात येता?”

सातवीच्या रिकाम्या वर्गात बाई पहिल्या बाकावर बसल्या. मॅडम उभ्याच राहिल्या, पर्स पोटाशी धरून.

“बसा हो. मला जरा मदत हवी आहे,” बाई म्हणाल्या. “माझ्या रजेत तुम्ही खेळ घेतलात ना, त्याबद्दल विचारायचं होतं. खुर्ची पाडलीत?”

“हो. पाडली ना.”

“आणि मग उचलली कोणी?”

“मीच,” मॅडम पटकन म्हणाल्या. “लगेच उचलली. मुलं अडखळतील, लागेल एखाद्याला.”

“लगेच?”

“हो, लगेच.”

“आणि कोणी काही बोललं नाही?”

“कोण काय बोलणार?”

बाहेर मैदानात रेडिओचा आवाज सगळ्यांच्या वरून ऐकू येत होता.

“मॅडम, काकांनी एकदा ती खुर्ची उचलली, तर चाळीस पोरं त्यांच्या अंगावर धावली. गणिताच्या सरांच्या पायातून रक्त येत होतं, तरी पोरांनी त्यांना हात लावू दिला नाही. तुम्ही दोनदा उचललीत, आणि या वर्गात कोणी हूं की चूं केलं नाही?” बाईंचा आवाज चढला नव्हता. “माझ्या टिपणात तो नियम मी लिहिलाच नव्हता. मला वाटलं, पोरं सांगतीलच. खेळ घेतला असता, तर त्यांनी सांगितला असता.”

मॅडमच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. त्या बाकावर बसल्या. मग त्यांनी पर्स उघडली आणि कागदांची जाड गुंडाळी बाहेर काढून बाईंच्या पुढ्यात ठेवली.

“मी चोर नाही हो, बाई,” त्या म्हणाल्या आणि त्यांना हुंदका आला. “मला फक्त बघायचं होतं. किती जणांनी ते चार प्रश्न सोडवलेत, एवढंच. खुर्ची उभी करून बसले. खिडकीतून वारा आला, सगळे पेपर उडाले. मी खिडकी लावली, गोळा केले, परत बसले. एकेक बघत गेले. सगळे कोरे, बाई. एकाचेही नाहीत! आणि घंटा झाली. पावलं वाजली. काय करू सुचेना, तसेच पर्समध्ये कोंबले आणि निघाले. म्हटलं, संध्याकाळी गुपचूप ठेवून देईन. पण तुम्ही आल्या आल्या खण उघडलात.”

“धडा का नाही शिकवलात?”

मॅडम पर्सचा पट्टा बोटाला गुंडाळत राहिल्या.

“मलाच येत नाही,” मॅडम शेवटी म्हणाल्या. “लहानपणी पाठ करून पास झाले. पहिलीला कधी लागलं नाही. तुमचं टिपण चार वेळा वाचलं. रेडिओने विचारलं, आत्ताच झालं आणि पाच मिनिटांपूर्वी झालं यात फरक काय, तर मी काय सांगणार होते? म्हटलं, आज वाचन घेऊ, उद्या शिकवू. उद्याचं परवा झालं. वही मात्र भरावी लागते. लिहून टाकलं. कायम करायचं पत्र...”

“आणि ठिपकी?”

“तिला बोलावलं तेव्हा मी ऑफिसच्या दारात होते,” मॅडमनी डोळे पुसले नाहीत. “तोंड उघडलं होतं, बाई. आवाजच निघाला नाही.”

“आता निघेल का?”

मॅडमनी वर पाहिलं.

“मी सांगू शकते,” बाई म्हणाल्या. “पण मी सांगितलं तर तुम्ही पकडल्या गेलात. तुम्ही सांगितलंत तर तुम्ही सांगितलंत. पोरीच्या दृष्टीने दोन्हीत तिची सुटका आहे. तुमच्या दृष्टीने फरक आहे. पावणेचार झालेत. आणि एक, मीही येणार आहे बरोबर. टाचणवहीवर सही माझी आहे. मुलं ओरडून सांगत होती, मी हसले.”

८

ऑफिसात काय बोलणं झालं, ते काकांनासुद्धा ऐकू आलं नाही. आणि काका दाराला लागूनच उभे होते. फक्त एकदा मोठ्या सरांचा आवाज आला, “आणि मी त्या पोरीला दोन तास बसवून ठेवलं!”

मोठे सर घाईचे होते. पण चूक कळली की तीही घाईनेच सुधारायचे. जे शिकवलंच नाही ते चार प्रश्न रद्द. राहिलेल्या वीस प्रश्नांवर निकाल. बाई आणि मॅडमनी समोरासमोर बसून चाळीस पेपर तपासले. मॅडमनी तपासायचे नाहीत असं मोठे सर म्हणत होते, पण बाई म्हणाल्या, ज्याने सांडलं त्याने पुसायला हात लावावा, मी आहे बघायला. बेरजा गणिताच्या सरांनी दोनदा केल्या आणि पेपर कोपऱ्याला कोपरा जुळवून दिले.

रेडिओ सतरा. ठिपकी एकोणीस.

मॅडमच्या पत्राचं काय, असं बाईंनी विचारलं. “सहा महिन्यांनी बघू,” मोठे सर म्हणाले. “शेरा लिहितो मी, पण पेन्सिलीने. आणि तो धडा त्यांनीच शिकवायचा. उद्या.”

मग ते स्वतः सातवीच्या वर्गात गेले. ठिपकीला पुढे बोलावलं आणि चाळीस मुलांसमोर म्हणाले, “मी न विचारता ठरवलं. माझं चुकलं.” एवढंच. ठिपकीला काय करावं ते सुचेना, म्हणून तिने “थँक्यू सर” म्हटलं आणि वर्ग हसला, मोठे सरही हसले. नव्या मॅडम तिच्यापुढे जाऊन उभ्या राहिल्या. त्या काय बोलल्या ते फक्त ठिपकीने ऐकलं आणि तिने ते मावशीलासुद्धा सांगितलं नाही.

पाचला दहा मिनिटं असताना काका सायकलवर टांग टाकून पोस्टाकडे निघाले. खिशात पाकीट होतं आणि पाकिटात एकच नाव.

दुसऱ्या दिवशी सुट्टीच्या आधीच्या तासाला बाई मागच्या बाकावर बसल्या, ठिपकीच्या शेजारी. पुढे मॅडम होत्या. रात्रभर दोघींनी उजळणी केल्यासारखा त्यांचा चेहरा होता. खरं म्हणजे उजळणी सकाळी सातला, शाळा भरायच्या आधी झाली होती, आणि बाईंनी मॅडमना तीन वेळा खिडकी उघडायला लावली होती. मॅडमनी नकाशा अर्धा गुंडाळला. छत्री उघडली. मग जरा घाबरत, दोन्ही हातांनी धरून, त्यांनी खुर्ची आडवी केली.

“सांगा बघू, काय झालंय?”

“द चेअर हॅज फॉलन!” रेडिओ ओरडला.

“पडली नाही रे, मी पाडली. आपोआप पडली आणि कोणी पाडली यात फरक नको का?”

“मॅडम हॅज नॉक्ड ओव्हर द चेअर,” ठिपकी शांतपणे म्हणाली.

“आणि जर मी म्हटलं, दहा वाजता पाडली?”

वर्ग विचारात पडला. तेवढ्यात मोठे सर वऱ्हांड्यातून आले. सगळं नीट चाललंय ना, हे पाहायला ते आत शिरले, त्यांची नजर जमिनीवर गेली, आणि सवयीप्रमाणे ते घाईघाईने खुर्ची उचलायला वाकले.

“सर, हात लावू नका!”

चाळीस मुलांचा एकच आवाज उठला, आणि त्यात सगळ्यात मोठा आवाज नव्या मॅडमचा होता. मोठे सर वाकलेल्या वाकलेल्या थांबले, मग दोन्ही हात वर करून सावकाश सरळ उभे राहिले.

“बरं बाबा,” ते म्हणाले. “नाही लावत.”

आणि खुर्चीला वळसा घालून ते बाहेर गेले.